क्रितामध्ये कार्टून शरभ काढतोय. शेडिंग केलं की चिखल होतो

रेघोट्या
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतली पोरं दर दिवाळीला किल्ला करतात. यंदा किल्ल्याच्या दरवाजाशी मावळ्यांच्या जोडीला शरभ (गडांच्या दरवाजांवर कोरलेला सिंहासारखा काल्पनिक प्राणी) हवा, असा हट्ट धरलाय. कारण माझाच उद्योग. गेल्या महिन्यात सगळ्यांना शिवनेरीवर घेऊन गेलो होतो. तिथल्या दरवाजावरचा शरभ पाहून आठ वर्षांचा भाचा मान वर करून बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "मामा, हा वाघ आहे की ड्रॅगन?" तेव्हाच ठरवलं की यांच्यासाठी एक शरभ काढायचा. पोरांना जवळचा वाटेल असा, मोठ्या डोळ्यांचा, गुबगुबीत.

क्रिता (संगणकावर चित्र काढायचं सॉफ्टवेअर) वापरतोय, सोबत छोटा पेन टॅबलेट. कागद ए-४, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवणार आणि कडेने कापून उभा करणार. रेषा मनासारख्या आल्यात. डोकं मोठं, पंख छोटे, शेपटीला वेटोळं, पुढच्या पंजाखाली एक इवलासा हत्ती. अंग मोहरीच्या रंगाचं, आयाळ विटकरी, पंख मोरपंखी. सपाट रंग भरले तोवर सुंदर दिसत होता.

मग शेडिंग करायला घेतलं. एअरब्रश सॉफ्ट, काळा रंग, अपारदर्शकता कमी करून सगळ्या कडांनी फिरवला. आता तो कोळशाच्या गोणीतून बाहेर काढल्यासारखा दिसतोय. तीनदा पुसून पुन्हा केलं, तेच. सावलीला रंग कोणता घ्यायचा? ती पाडायची कुठे? आणि थर (लेयर) कसे लावायचे? मनापासून करतोय, त्यामुळे सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

पिंपळपान
आधी चित्र टाका की!

रेघोट्या
टाकलं. डावीकडे सपाट रंगाचं, उजवीकडे चिखल झालेलं.

पिंपळपान
हत्तीचे डोळे काय गोड आलेत! पंजाखाली आहे तरी मजेत दिसतोय.

मनीम्याऊ
रेषा खरंच छान आहेत, विशेषतः शेपटीचं वेटोळं. शेडिंगचं दुखणं काळ्या रंगाच्याही आधीचं आहे. तुम्ही प्रत्येक आकाराच्या चारही कडांना सावली दिलीत आणि मध्ये उजेड ठेवलात. याला पिलो शेडिंग म्हणतात, कारण प्रत्येक भाग उशीसारखा फुगलेला दिसतो. उजेड कुठून येतोय हेच चित्राला माहीत नाही, म्हणून सावली सगळीकडे पसरलीय.

आज रात्री एवढं एक करा. टेबलावर पांढरा कागद ठेवा, त्यावर एक लिंबू. खोलीतला दिवा घालवा आणि डाव्या बाजूला, जरा वर, टेबललॅम्प धरा. मग लिंबाकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसा. दिव्याकडची बाजू उजळ असेल. लिंबू जिथे दिव्यापासून वळतं तिथे सावली सुरू होते, आणि सगळ्यात गडद पट्टा त्या वळणाच्या थोडा पुढे असतो, पार कडेला नाही. कडेला सावली परत किंचित उजळते, कारण खालच्या पांढऱ्या कागदावरचा उजेड उलटून लिंबाच्या पोटावर येतो. लिंबू कागदाला टेकतं तिथे बारीकशी, जवळजवळ काळी रेघ असते. तिथून कागदावर पडलेली सावली निघते. टेकल्या जागी तिची कड धारदार, आणि लांब जाईल तशी मऊ. मग लिंबाखाली लाल कापड ठेवून बघा, पोटाकडचा उजेड लालसर होईल.

शरभ म्हणजे अशी आठ-दहा लिंबं. डोकं एक चेंडू, छाती एक चेंडू, पाय म्हणजे दंडगोल, शेपटी म्हणजे वाकवलेली नळी. सगळ्यात वरच्या थरावर एका कोपऱ्यात पिवळा ठिपका देऊन ठेवा, तो तुमचा सूर्य. प्रत्येक भागाला हात लावण्याआधी त्या ठिपक्याकडे बघा.

सरळसोट
मनीम्याऊंनी कुठे ते सांगितलं, मी थरांचं सांगतो.

सगळ्यात खाली पार्श्वभूमी. तिच्यावर एक ग्रुप. ग्रुपच्या आत तळाशी सपाट रंगाचा थर, त्याच्यावर सावलीचा थर. सावलीच्या थराचा ब्लेंडिंग मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा तो पर्याय) मल्टिप्लाय. रेषांचा थर ग्रुपच्या बाहेर, सगळ्यात वर.

मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. संगणक प्रत्येक रंग ० ते १ च्या मापात धरतो आणि वरचा रंग खालच्याशी गुणतो. पांढरा म्हणजे १, त्याने गुणून काहीच बदलत नाही. काळा म्हणजे ०, त्याने सगळं काळं. तुमचा चिखल इथून आला. मधला, फिकट जांभळट-करडा रंग घेतलात तर ०.८ चं ०.६ होतं, खालचा रंग गडद होतो पण मरत नाही. मोहरी मोहरीच राहते, मोरपंखी मोरपंखीच. सगळ्या अंगाला सावलीचा एकच रंग पुरतो.

सावली बाहेर जाऊ नये म्हणून सावलीच्या थरावर इनहेरिट अल्फा चालू करा, थराच्या ओळीत उजवीकडे छोटं अल्फाचं चिन्ह आहे तेच. इथे बरेच जण अडकतात: हा पर्याय ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या थरांचा मिळून आकार धरतो. पांढरी पार्श्वभूमी त्याच ग्रुपमध्ये राहिली तर पूर्ण पानच आकार ठरतं आणि सावली बाहेर सांडत राहते. म्हणून पार्श्वभूमी ग्रुपच्या बाहेर हवी.

अनघड
मी फोनवर आयबिस पेंटमध्ये काढते, तिथे हेच काम क्लिपिंग करतं. खालच्या थराला क्लिप केलं की रंग बाहेर जात नाही. फोनवर बोटाने काढणाऱ्यांसाठी लिहून ठेवलं.

कोकणकडा
माझं मत थोडं वेगळं. हा पुठ्ठ्यावरचा कटआउट आहे, पोरं पाच फुटांवरून बघणार. एअरब्रश पूर्ण बाजूला ठेवा. सेल शेडिंग करा: उजेडाचा एक रंग, सावलीचा एक रंग, मध्ये स्वच्छ धारदार कड. मऊ शेडिंग लांबून धुरकट दिसतं आणि कार्टूनचा फुगा होतो. जुन्या हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनमध्ये पात्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवत, नाव तिथूनच आलं. तिथे मऊ छटा घालायला फारसा वाव नव्हता, तरी पात्रं किती जिवंत वाटायची.

मनीम्याऊ
कोकणकडा, लांबून वाचता यायला हवं हे पटलं. पण सगळीकडे धारदार कड दिलीत तर गुबगुबीतपणा जाईल, आणि पोरांना तोच हवाय. मी अशी वाटणी करते: एक वस्तू दुसरीवर सावली टाकते तिथे धार, आणि एकच आकार गोल वळतो तिथे मऊ. पंखाची पाठीवर पडलेली सावली धारदार. पोटाचं वळण मऊ. आधी सगळं धारदार कडेनेच भरायचं आणि मग फक्त पोट, गाल आणि मांडी इथली कड ब्लेंडर ब्रशने हलकेच सोडवायची. सुरुवात एअरब्रशने करायची नाही, यावर मात्र आपलं एकमत.

आणि सरळसोट, एकच रंग पुरतो हे मला पिवळ्या अंगासाठी पटत नाही. पिवळ्यावर जांभळट मल्टिप्लाय जरा जोरात पडला की मोहरी मळकट होते. पिवळ्याची सावली नारिंगी-तपकिरीकडे झुकली की ऊबदार वाटते. पिकलेल्या आंब्याच्या सावलीकडची बाजू बघा, ती केशरी दिसते.

सरळसोट
आंब्याचं उदाहरण मान्य. करून पाहिलं, अंगाला फिक्या विटकरी रंगाचा मल्टिप्लाय जास्त छान दिसतो. पंखांसाठी मात्र जांभळटच ठेवा, मोरपंखीवर विटकरी घातला की तो काळवंडतो. म्हणजे सावलीचे दोन थर झाले.

रंगखडू
मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. संगणकावर चित्र काढत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं वस्तुचित्रात हीच चूक करायची. पेन्सिलने छटा द्यायची आणि मग बोटाने घासायची. घासलं की मऊ दिसतं, मुलांना वाटतं छान झालं. प्रत्यक्षात उजेड आणि सावली यांतला फरकच पुसला जातो आणि तांब्या धुरात ठेवल्यासारखा होतो. तुमचा एअरब्रश म्हणजे तेच बोट.

मी मुलांना डोळे बारीक करायला सांगायचो. पापण्या अर्ध्या मिटून वस्तूकडे पाहिलं की बारकावे जातात आणि दोनच गोष्टी उरतात, उजेडाचा एक तुकडा आणि सावलीचा एक तुकडा. ते दोन तुकडे आधी कागदावर बसवा. सावलीच्या तुकड्यातली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडाच्या तुकड्यातल्या गडद जागेपेक्षा गडद राहिली पाहिजे. हे सांभाळलं की निम्मं काम झालं.

आणखी एक. तुम्ही शिवनेरीवर गेलात ते भर दुपारी असाल, तर परत सकाळी जा. दगडावरचं उथळ कोरीवकाम तिरक्या उन्हातच उठून दिसतं. डोक्यावर ऊन आलं की तीच मूर्ती सपाट होते. कोरणाऱ्याकडे रंग नव्हता, सगळं काम त्याने सावलीकडून करून घेतलंय. तुमचा खरा गुरू तो आहे.

रेघोट्या
सर, आम्ही साडेबाराला पोचलो होतो. फोटो काढून पाहिले, सगळे सपाट. आता कळलं का ते.

अनघड
सर, डोळे बारीक करण्याचं काम क्रितात बटणाने पण होतं. सगळं चित्र एकत्र करून त्याची प्रत घ्यायची आणि कंट्रोल-शिफ्ट-यू दाबायचं, रंग जाऊन करडं चित्र उरतं. पंख आणि अंग करड्यात एकसारखेच दिसले तर त्यातलं एक गडद किंवा फिकं करायचं.

रंगखडू
वा! हे मला माझ्या वेळी हवं होतं. आणि ते क्रिता नाव कशावरून आलं?

सरळसोट
स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू, सर. तुमच्या सदस्यनावाशी नातं आहे. संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं, मुक्त सॉफ्टवेअर आहे. नातवंडांच्या लॅपटॉपवर टाकून बघा.

तटबंदी
विषयाला थोडा फाटा फोडतो. शरभ म्हणजे नक्की काय, ते पोरांना सांगताना ड्रॅगन म्हणू नका, एवढीच कळकळ. पुराणात नरसिंहाचा कोप शमवण्यासाठी शिवाने शरभाचं रूप घेतल्याची कथा आहे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसतो तो सिंहासारख्या अंगाचा, कधी पंख असलेला, कधी नसलेला. बऱ्याच ठिकाणी त्याने हत्ती पकडलेले असतात. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजाजवळच्या शिल्पात तर एकाच वेळी अनेक हत्ती पकडलेत. तो बळाचा, सत्तेचा पुकारा आहे. त्याला गुबगुबीत करणं मनाला थोडं लागतं.

पिंपळपान
तटबंदी, तळमळ समजते. पण भाच्याने बराच वेळ मान वर करून पाहिलं ना त्याच्याकडे! ज्या पोराने स्वतःच्या किल्ल्यावर शरभ उभा केला, ते पुढच्या प्रत्येक गडावर दरवाजात थांबून तो शोधणार. माझी मुलगी गणपती गोलमटोल काढते, तिची श्रद्धा त्याने कमी होत नाही.

तटबंदी
हे मात्र खरं. मग एक विनंती. पंजे दमदार ठेवा, नखं ठेवा आणि छाती पुढे काढा. चेहरा गोड असला तरी उभं राहणं राखणदाराचं हवं.

कोकणकडा
तटबंदींच्या मुद्द्याला धरून शरीराचं एक सांगतो. आता पंख पाठीवर मधोमध चिकटवल्यासारखे दिसतात. मांजर चालताना तिच्या खांद्याचं फावडं पाठीवर वरखाली होताना दिसतं, पंखाचं मूळ त्याच्या जरा मागे धरा आणि तिथे स्नायूचा छोटा उंचवटा द्या. त्या उंचवट्याच्या मागे एक गडद फट आली की पंख अंगातून उगवल्यासारखा वाटेल. जिथे दोन भाग एकमेकांना चिकटतात, म्हणजे काख, मांडीची घडी, कानाचं मूळ, तिथे उजेड कुठूनही असो, पोचतच नाही. या फटींसाठी वेगळा छोटा मल्टिप्लाय थर ठेवा. अगदी बारीक ब्रशने. सगळ्या चित्रात खरा गडद रंग वापरायच्या जागा तेवढ्याच.

मनीम्याऊ
+१. आणि खवले किंवा पिसं काढणार असाल तर सगळ्या अंगभर काढू नका. उजेड जिथे सावलीत वळतो त्या पट्ट्यावर चार-पाच काढा, बाकीचे बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

रेघोट्या
मंडळी, लिंबाचा प्रयोग केला. भाचा शेजारी बसला होता. लाल कापड ठेवल्यावर तो ओरडलाच, "मामा, लिंबू लाजलं!" आता प्रत्येक चित्रात तो "लाजलेली बाजू" शोधतोय.

नवीन चित्र टाकलंय. काळा रंग पूर्ण काढला. ग्रुप केला, इनहेरिट अल्फा आधी चाललाच नाही. पाऊण तास शोधत होतो, पार्श्वभूमी ग्रुपमध्येच होती, सरळसोटांनी लिहिलेलं पुन्हा वाचल्यावर सापडलं. अंगाला विटकरी सावली, पंखांना जांभळट. पंखाची पाठीवरची सावली धारदार ठेवली, पोट सोडवलं. छाती पुढे काढली, तटबंदी. आता डोळे निर्जीव वाटताहेत, काचेच्या गोट्या बसवल्यासारखे.

पिंपळपान
काय फरक पडलाय! हा आता उचलून घ्यावासा वाटतो.

अनघड
डोळ्यांचं सोपं आहे. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग शुभ्र ठेवू नका, फिका निळसर-करडा करा. वरच्या पापणीची सावली डोळ्यावर पाडा, धारदार, डोळ्याचा वरचा तिसरा हिस्सा झाकेल अशी. मग शुभ्र ठिपका एकच, तुमचा पिवळा सूर्य आहे त्या बाजूला. आणि त्याच्या बरोबर समोर, बुबुळाच्या खालच्या अंगाला, बुबुळाच्याच रंगाची उजळ चंद्रकोर. डोळा ओला दिसायला लागतो. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला हवा, आरशात पाहिल्यासारखा उलटसुलट नको.

जुनापुराणा
छापण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मागे मुलीच्या वाढदिवसाला ४० पत्रिका छापून आणल्या. पडद्यावर मोरपंखी झगझगत होता, छापून आला तो शाळेच्या पाटीसारखा. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने, काही झगझगीत निळे-हिरवे रंग शाईत येतच नाहीत. क्रितात कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर साधारण कसं दिसेल ते कळतं. सावल्याही कागदावर जास्त गडद उतरतात, म्हणून सावलीच्या थराची अपारदर्शकता थोडी कमी करून एक नमुना प्रत काढा आणि मग बाकीच्या.

रेघोट्या
हे अगदी वेळेवर सांगितलंत. कंट्रोल-वाय दाबल्यावर पंख लगेच मलूल झाले. मोरपंखी जरा फिका केला, आता बरा दिसतो.

रंगखडू
एक प्रश्न. किल्ला कुठे करता? भिंतीला टेकून असेल ना? मग ऊन कुठून येतं? चित्रातला उजेड डावीकडून आणि खरं ऊन उजवीकडून असलं, तर शरभ तिथला वाटणार नाही.

रेघोट्या
सर, हे डोक्यातच आलं नव्हतं. भिंतीला टेकून असतो, संध्याकाळचं ऊन उजवीकडून येतं. माझा सूर्य डावीकडे आहे!

सरळसोट
चित्रच आडवं उलटवा. इमेज मेनूत आडव्या मिररचा पर्याय आहे. उजेड उजवीकडे जाईल.

तटबंदी
थांबा. बऱ्याच दरवाजांवर शिल्पं दोन्ही बाजूंना असतात, जोडीने. दोन शरभ हवेत, एकमेकांकडे तोंड केलेले. एक मूळ, एक उलटवलेला.

कोकणकडा
जोडी मस्त दिसेल. पण मग एकाचा उजेड डावीकडून आणि दुसऱ्याचा उजवीकडून होईल.

मनीम्याऊ
म्हणून तर थर वेगळे ठेवायला सांगत होतो सगळे. पूर्ण चित्र उलटवलं की उजेड उजवीकडे आला, तो पहिला शरभ झाला. दुसऱ्यासाठी मूळ फाइलची प्रत घ्या, त्यातल्या रेषा आणि सपाट रंग तसेच ठेवा, सावलीचे थर आणि डोळ्यातले ठिपके काढून टाका आणि सूर्य उजवीकडे ठेवून नव्याने रंगवा. एक संध्याकाळ लागेल. फटींचा थर तसाच राहू द्या, तिथे उजेड कुठूनच पोचत नाही.

पिंपळपान
पण किल्ला सगळे बघतात रात्री, पणत्या लावल्यावर! पणत्या तर खाली असतात.

मनीम्याऊ
पिंपळपान, काय सुचलंय! पोटाखाली, हनुवटीखाली आणि पंखाच्या आतल्या बाजूला केशरी उजेड द्या. सावलीच्या वर वेगळा थर, मोड स्क्रीन (मल्टिप्लायच्या उलट, खालचं उजळ करणारा), गडद केशरी रंग, मऊ ब्रश. इथे एअरब्रश चालेल, कोकणकडा ओरडणार नाहीत. दिवसा तो लिंबाच्या लाजलेल्या बाजूसारखा दिसेल आणि रात्री पणतीचा वाटेल.

कोकणकडा
नाही ओरडणार. इथे मऊच हवं.

रेघोट्या
पहिला शरभ उलटवून, केशरी उजेड देऊन नमुना छापून आणला. पुठ्ठ्यावर चिकटवून आत्ताच जिन्याच्या खाली ठेवलाय, पुढ्यात एक पणती लावली. हनुवटीखालचा रंग आणि पणतीचा उजेड असा काही मिसळला की भाचा हात लावून बघत होता, ऊब लागते का ते. फोटो टाकतो. दुसऱ्याच्या सावलीचे थर काढून टाकलेत, सूर्य उजवीकडे ठेवलाय, जेवून बसतो. भाच्याने सांगितलंय की दुसऱ्याच्या पंजाखाली दोन हत्ती हवेत, म्हणजे रेषाही थोड्या नव्याने कराव्या लागणार.

तटबंदी
जंजिऱ्याच्या शरभाने किती हत्ती पकडलेत, हे त्याला अजून सांगू नका. दिवाळीला आठच दिवस राहिलेत.